जुनं सागवान, पॅलेटचं पाइन की आंब्याची फळी? खिळे-दोऱ्याच्या चित्रासाठी लाकूड निवडताना

स्ट्रिंग आर्ट, म्हणजे फळीवर खिळे ठोकून त्यांच्यात दोरा ताणून काढलेलं चित्र, करायला बसलेल्या माणसाचा सगळा जीव नक्षीत अडकलेला असतो. मोर काढू, की घराचं नाव, की नुसतं वर्तुळ? फळी मात्र मिळेल ती. माझ्या अनुभवात याच्या उलट क्रमाने गेलं तर काम चांगलं होतं. फळी आधी ठरवावी, ती काय पेलेल ते बघावं आणि मग चित्र ठरवावं. दोरा ताणला की प्रत्येक खिळा आतल्या बाजूला ओढला जातो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ साधारण ९४ सेंटीमीटर होतो, म्हणजे दर सेंटीमीटरला एक खिळा धरला तर ९४ खिळे. त्यांतले चार जरी सैल पडले तरी दोरे लोंबायला लागतात आणि सगळी नक्षी मरगळते.

तेव्हा आधी निवाडा सांगते, कारणं मग. पहिल्यांदाच करणार असाल तर पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं, पाइन घ्या. जुनं सागवान हाताशी असेल तर ते गुंडाळून ठेवा आणि तीन-चार कामं झाल्यावर काढा. आंब्याची फळी तिघांत सर्वांत देखणी, पण ती घेणाऱ्याकडे महिना-दोन महिने थांबायची तयारी हवी.

वाड्यातलं सागवान

पुण्याच्या पेठांतले वाडे उतरवले जातात, मुंबईतल्या जुन्या इमारती पाडल्या जातात, कोकणातली कौलारू घरं पाडून स्लॅबची बांधतात. या सगळ्यातून तुळया, वासे, दारं, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या बाहेर पडतात आणि जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. मुंबईच्या जुन्या इमारतींत बर्मा टीक म्हणून ओळखलं जाणारं सागवानही सापडतं. जाड तुळया फर्निचरवाले लगेच उचलतात. आपल्या कामाच्या असतात त्या कडीपाटाच्या आणि दारांच्या फळ्या, कारण त्या आधीच चिरलेल्या असतात आणि जाडी बहुतेक वेळा पुरेशी असते. खिळा मागून बाहेर पडू नये म्हणून १८ मिलिमीटरपेक्षा पातळ फळी मी घेत नाही.

सागवानाचं सगळं सोनं त्याच्या धरण्यात आहे. एकदा चुका (बारीक खिळे) बसल्या की दोरा कितीही ताणा, त्या हलत नाहीत. अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पावसाळ्यात ते फारसं फुगत-आक्रसत नाही, त्यामुळे जूनमध्ये केलेलं काम डिसेंबरातही तसंच राहतं. रंगाबद्दल तर काय बोलायचं. वरचा काळपट थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढला की आतून मधासारखा रंग वर येतो आणि तो जुना, किंचित कडवट वास खोलीभर पसरतो. हा वास ज्याने आजोळी घेतला आहे त्याला मी आणखी काही सांगायची गरज नाही.

पण हेच लाकूड हट्टी आहे. वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, त्यामुळे थेट चूक ठोकली तर एक तर ती वाकते, नाही तर फळी तडकते. माझ्या आजोळच्या घराच्या कडीपाटाची एक फळी मी हट्टाने वापरायला घेतली होती. तिच्यावर घराचं नाव काढायचं होतं, देवनागरीत. फळी आडवी, नाव आडवं. अक्षरांच्या आधी शिरोरेषा घ्यावी म्हणून एका ओळीत चुका ठोकत निघाले. अकरावी चूक अर्धी आत गेली आणि कापड फाटल्यासारखा आवाज झाला. पहिल्या चुकेपासून अकराव्यापर्यंत सरळ चीर. पुसायचं नाही, बुजवायचं नाही, काहीच करता येत नाही अशी.

झालं असं की शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर होती आणि सगळ्या चुका एकाच शिरेवर पाचरीसारख्या बसत गेल्या. इंग्रजी अक्षरांच्या नमुन्यांत हा धोका इतका नसतो, कारण त्यांना सलग शिरोरेषा नाही. देवनागरी नाव करणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावंच. उपाय तीन. फळी उभ्या रेषांची ठेवा, म्हणजे शिरोरेषा रेषांना काटकोनात छेदेल. तसं जमत नसेल तर चुका एकाआड एक दोन-दोन मिलिमीटर वर-खाली घ्या. दोरा वरून गुंडाळल्यावर ते कुणाला कळत नाही. आणि सागवानात काहीही झालं तरी आधी ड्रिलने भोक पाडा, चुकेच्या जाडीच्या साधारण पाऊण व्यासाचं. चुकेचं टोक हातोडीने हलकं चेपून बोथट करायची सुतारांची जुनी युक्तीही लागू पडते. बोथट टोक लाकडाचे तंतू बाजूला रेटत नाही, चेपत आत जातं, म्हणून फळी फाटण्याचा धोका घटतो.

आणखी दोन गोष्टी. जुन्या दारावर ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली आला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असंच धरून चालावं. असा रंग ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, मुलांपासून लांब काढावा. नाही तर ती फळी सोडून द्यावी, दुसरी मिळते. सागवानाचा भुसाही काही जणांच्या नाकाला आणि कातडीला त्रास देतो, त्यामुळे मास्क कुठल्याही फळीला लावाच. दुसरं, रंधा किंवा करवत लावण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला जुना खिळा पात्याचा दात घालवतो. तो खिळा निघाला की भोवती जो काळा डाग उरतो तो मात्र मी घासून काढत नाही. त्या फळीचं वय तिथे दिसतं.

पॅलेटचं पाइन

माल उतरवून झाला की गोदामांमागे आणि टाइल्सच्या दुकानांपाशी पॅलेट पडून असतात. विचारलं तर पुष्कळदा फुकट किंवा जळणाच्या भावात मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचं दोन अक्षरी नाव आणि रोमन लिपीत 'एचटी' किंवा 'एमबी'. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटं दिलेली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एचटी घ्यावं, एमबीला हात लावू नये. शिक्का नसेल तर ते बहुधा इथल्या इथे फिरलेलं पॅलेट असतं. त्यावर तेलाचे डाग किंवा रसायनाचा वास नाही ना, एवढं बघावं.

पॅलेट सुटं करणं हे खिळे ठोकण्यापेक्षा कष्टाचं आहे. त्यातले खिळे पिळदार असतात, पहारीने उचकटायला गेलात की फळीचं टोक फाटतं. मी खिळ्यांच्या आतल्या बाजूने फळी सरळ कापूनच घेते. लांबी थोडी कमी मिळते, पण फळी शाबूत राहते.

मग मात्र सगळं सोपं. पाइन मऊ, भोक न पाडता चूक आत जाते, चुकली तर पकडीने सहज निघते आणि शेजारी पुन्हा ठोकता येते. शिकणाऱ्या हाताला ही माफी फार मोलाची आहे. पहिल्या फळीवर माणूस खिळ्यांची उंची सारखी ठेवायला शिकत असतो, आणि सागवानावर ते शिकणं महाग पडतं.

उणीव तीच, मऊपणाची. पाइनच्या वर्षवलयांत एक पट्टा मऊ आणि एक कडक असतो. चूक कडक पट्ट्याच्या काठावर ठेवलीत की ती घसरून मऊ पट्ट्यात जाते, म्हणजे कागदावरच्या खुणेपासून एखादा मिलिमीटर सरकते. मोठ्या आकारात हे चालतं, बारीक अक्षरात डोळ्याला खुपतं. गाठीवर तर चूक वाकणारच, म्हणून नक्षीचा कागद चिकटवण्याआधी गाठी कुठे आहेत ते पाहून तो इकडे-तिकडे सरकवावा. दुसरं, दोरा जास्त ताणला तर चुका आत झुकतात. सागवानात एक इंची चुकेचा आठ-दहा मिलिमीटर भाग आत गेला तरी पुरतो, पाइनमध्ये मी निम्मी चूक आत घालते आणि ती किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवते.

आंब्याची फळी

मोहर येईनासं झालेलं झाड तोडलं की त्याची फळी मिळते, किंवा जुन्या बाजारात आंब्याची मोडकी पेटी, पाट, टेबल सापडतं. या लाकडात बुरशीने काढलेल्या काळ्या रेघा असतात, मध्येच गुलाबी, मध्येच करडी छटा असते. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचं नुसतं एक वर्तुळ काढलं तरी फळीच अर्धं चित्र काढून देते. खिळा धरण्यातही ते पाइनपेक्षा बरंच सरस आहे.

पण आंब्याला कीड लागते. मी एक देखणी फळी घाईने घेतली, घासली, तेल लावलं, सव्वाशे चुका ठोकल्या, भिंतीवर टांगली. दोन महिन्यांनी खालच्या टेबलावर मैद्यासारखी बारीक पूड दिसली. पुसली, चार दिवसांनी पुन्हा. फळीच्या मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडली होती. तोवर दोरा गुंडाळलेला, औषध लावायला जागाच नाही. सगळं उलगडावं लागलं.

तेव्हापासून आंब्याची फळी आणली की बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या टोकांवर दोन हात देते. मग ती सावलीत सुकवून पांढऱ्या कागदावर आडवी ठेवते. महिनाभर कागदावर पूड पडली नाही तरच चुका ठोकायला घेते. घरात आधीच लाकडी फर्निचर भरपूर असेल आणि एवढी वाट बघायची नसेल, तर आंबा घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

बाकीची

कोकणात फणसाची फळी मिळाली तर डोळे मिटून घ्या. पिवळीधमक, काळानुसार तांबूस होत जाणारी, कामाला आंब्याइतकीच सुखाची. शिवणही छान, हलकी आणि वाकडी न होणारी. आईन फार कडक, भोक पाडल्याशिवाय विचारच नको. हापूसच्या पेटीच्या पट्ट्या सगळ्यांना मोह घालतात, पण त्या इतक्या पातळ असतात की खिळा मागून बाहेर येतो. वापरायच्याच तर प्लायच्या तुकड्यावर चिकटवून घ्या. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मात्र घरात आणू नयेत. त्यांत क्रिओसोट मुरवलेलं असतं आणि ते आरोग्याला घातक आहे.

कुठल्या फळीवर काय

मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२ ते १९१६) या गणित शिकवणाऱ्या बाईंनी मुलांना भूमिती कळावी म्हणून सरळ दोऱ्यांतून वक्ररेषा उमटवायची पद्धत रुजवली, आणि आजची स्ट्रिंग आर्ट तिथूनच पुढे आली. त्यातला एक नमुना मी प्रत्येक नवशिक्याला देते. वर्तुळावर १०० चुका ठोका, क्रमांक द्या आणि दोनचा पाढा म्हणत दोरा बांधा. एक ते दोन, दोन ते चार, तीन ते सहा. शंभराच्या पुढे गेलात की शंभर वजा करा. शेवटी मधोमध बदामासारखा आकार आपोआप उभा राहतो. तिनाच्या पाढ्याने केलंत तर त्याला एक नाही, दोन खाचा पडतात. हा नमुना पाइनवरच करावा. चुका मोकळ्या असतात, एखादी मिलिमीटरभर सरकली तरी आकार बिघडत नाही, आणि फिक्या लाकडावर गडद निळा किंवा मरून दोरा उठून दिसतो.

ठिपक्यांच्या रांगोळीचे नमुने इथे जसेच्या तसे उतरतात, चूक म्हणजे ठिपका. ते आंब्यावर किंवा फणसावर खुलतात. नावाची पाटी, वारलीतल्या बारीक आकृत्या, जिथे चुका अर्ध्या सेंटीमीटरवर येतात आणि प्रत्येक चूक जागच्या जागी हवी, तिथे सागवानच. गडद सागवानावर मोतिया किंवा हळदी दोरा घ्यावा. भरतकामाचा सहा पदरी दोरा आठ मीटरच्या लडीत येतो. बारीक कामाला त्यातले तीन पदर काढून घेतले तर लडही दुप्पट पुरते. सुतळी फक्त मोठ्या, मोकळ्या नक्षीला.

तेल किंवा पॉलिश जे काही करायचं ते चुका ठोकण्याआधी. मी जवसाचं तेल लावते. त्यात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळत घालावीत. तेल पुरतं सुकायला पाइनला काही दिवस, सागवानाला त्याहून जास्त लागतात. बोटाला चिकट लागत असताना दोरा गुंडाळलात तर खालचे पदर पिवळट होतात आणि ते धुऊन निघत नाहीत.

टांगताना वजनाचा विचार करा. दोन फुटी सागवानी फळीला एक खिळा पुरत नाही, मागे दोन हुक आणि भिंतीत दोन प्लग हवेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळी भिंतींसाठी फळीच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे फळी आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहते आणि ऑगस्टमध्ये मागून बुरशी धरत नाही.