किनाऱ्यावर एक दिवस, एकच लेन्स: १००-४०० की २००-६००?

सकाळी पक्षी, दुपारी सर्फर आणि काइटसर्फर (काइट म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर पळणारे), आणि खांद्यावर वागवायला एकच मोठी लेन्स. असा बेत ठरला की पहिला प्रश्न ठरलेला: ४०० मिमी पुरेल का? (हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा: मोठा असेल तितकं लांबचं जवळ दिसतं, पण फ्रेममध्ये कमी मावतं. १००-४०० म्हणजे या दोन आकड्यांमध्ये फिरणारी झूम.) पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा, तो नाहीच म्हणणार; त्याला ६०० सुद्धा पुरत नाही. किनाऱ्यासाठी मी मात्र लेन्सच्या दुसऱ्या टोकाकडे आधी बघतो. पाण्यावरचा खेळाडू घटकेत दोनशे मीटरवर असतो, घटकेत समोर येऊन वळतो, आणि तुम्ही वाळूवर आहात तिथेच असता. लेन्स किती लांबचं ओढते याइतकंच ती किती आवरतं घेते, यावर दुपार ठरते.

पर्याय खरं तर तीन आहेत: १००-४०० किंवा १००-५०० जातीची झूम, २००-६०० जातीची झूम, आणि ७०-२०० एफ/२.८ ला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, आवाका वाढवणारं जोडभिंग). एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो.

आधी थोडं गणित

फुल फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती) ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. त्यामुळे १०० मीटर अंतरावर ४०० मिमीच्या फ्रेममध्ये ९ मीटर रुंदी मावते, ६०० मध्ये ६ मीटर आणि २०० मध्ये १८ मीटर. बोर्डवर वाकून उभा असलेला सर्फर ६०० मध्ये छान भरतो. ४०० मध्ये तो लहान दिसतो, पण मागे वळत येणारी लाटही सोबत येते. मला ही दुसरी फ्रेम जास्त पटते. नुसता माणूस आणि फेस दिसला की लाट केवढी होती ते कळतच नाही.

काइटसर्फिंगमध्ये हे गणित आणखी कडक होतं. काइटच्या दोऱ्या साधारण २० मीटरच्या पुढेमागे असतात. काइट डोक्यावर असताना खेळाडू आणि काइट दोन्ही एका फ्रेममध्ये हवे असतील तर २५ मीटरच्या आसपास उंची लागते. कॅमेरा उभा धरला तरी १०० मीटरवर २०० मिमीला १८ मीटरच मिळतात. एक तर काइट कापला जाणार, नाहीतर बोर्ड. १०० मिमीला ३६ मीटर मिळतात, काम झालं. खेळाडू ५० मीटरवर आला की मात्र १०० सुद्धा तोकडी पडते आणि ७० लागते. ७०-२०० वाले दुपारी खुशीत असतात ते यामुळेच.

क्रॉप, म्हणजे याहून लहान, सेन्सरची बॉडी (कॅमेरा) असेल तर फ्रेम आणखी आवळते: निकॉन, सोनी, फुजीत दीडपट, कॅननमध्ये १.६ पट. तिथे १००-४०० ही १५०-६०० सारखी वागते आणि २००-६०० थेट ३००-९०० होऊन बसते. क्रॉप बॉडीवाल्यांनी या बेतासाठी २००-६०० चा विचारच करू नये, असं मी सरळ सांगेन.

पक्ष्यांच्या बाजूने

इथे ६०० ची बाजू भक्कम आहे, पण वाटते तितकी नाही. लाटेच्या मागेपुढे पळणारा छोटा तुतवार जेमतेम २० सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर असताना ४०० मिमीची फ्रेम ९० सेंटिमीटर रुंद असते, ६०० ची ६० सेंटिमीटर. म्हणजे एका फ्रेममध्ये पक्षी पाव भागाहून कमी, दुसऱ्यात तिसरा हिस्सा. फरक दिसतो, नाही असं नाही. पण हे तुतवार पाण्याच्या कडेने एका दिशेने सरकत जातात. त्यांच्या मागे चालत गेलात तर ते तेवढेच पुढे पळतात. त्यांच्या वाटेवर बरंच पुढे जाऊन, पोटावर पडून, लेन्सचं हूड वाळूपासून चार बोटं वर धरून थांबलात, तर बऱ्याचदा ते स्वतःच जवळ येतात. लाट मागे सरली की चोची वाळूत खुपसत येतात, पुढची लाट आली की पाय दिसू नयेत इतक्या वेगाने माघारी. अशा वेळी १.४ किलोची लेन्स आणि २.१ किलोची लेन्स यातला फरक कोपरांना कळतो.

कुरव (सीगल) तर माणसाला फारसे बुजत नाहीत, त्यांच्यासाठी ४०० भरपूर. सुरय (टर्न) पक्ष्यांचं मात्र वेगळं. ते हवेत एका जागी फडफडत थांबतात आणि तीरासारखे पाण्यात शिरतात, तेही बहुतेक वेळा लांबच. तिथे ६०० ला पर्याय नाही. वाळूवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठीही ६०० च योग्य, आणि त्याचं कारण फोटोपेक्षा मोठं आहे: आपण जवळ गेलो की पक्षी उठतो आणि अंडी किंवा पिल्लं उन्हात उघडी पडतात. भरतीच्या वेळी पाण्याने मागे रेटलेले पक्षी एका जागी गर्दी करून विसावतात, त्यांनाही उठवू नये. ओहोटीला पक्षी लांबवर विखुरलेले असतात, भरती चढू लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं. ओहोटी ते भरती साधारण सहा तास. त्यामुळे लेन्सच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघा. चढत्या पाण्यात ४०० ने होणारं काम उतरत्या पाण्यात ६०० ने होत नाही.

आणि एक गोष्ट ६०० विकणारे सहसा सांगत नाहीत. वाळू तापली की तिच्यावरची हवा तव्यावरच्या हवेसारखी थरथरते. लांबचा पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये उकळल्यासारखा दिसतो आणि फोकस अचूक असूनही पिसं मऊ येतात. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. जवळ जाणं किंवा सकाळी लवकर येणं हाच उपाय. म्हणजे ६०० चा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांचा. नेमक्या त्याच वेळी उजेड कमी असतो आणि ६०० च्या टोकाला मिळणाऱ्या एफ/६.३ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार होतो) चढतो. भर उन्हात ही अडचण नाही, एफ/६.३ ला शटर १/२००० सेकंदावर ठेवलं तरी आयएसओ ३००-४०० च्या आसपास राहतो.

वाळू आणि खारी हवा

इथे २००-६०० चा एक हुकमी मुद्दा आहे. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० झूम करताना लांब होत नाहीत, सगळी हालचाल आतल्या आत होते. सोनीची १००-४०० आणि कॅननची १००-५०० मात्र पुढे सरकतात. बाहेर आलेल्या नळीवर खारं दव आणि बारीक वाळू बसते, आणि झूम मागे घेताना आत जायला बघते. मागे घेण्याआधी नळी पुसायची सवय असेल तर निभावतं. नसेल तर हा मुद्दा गंभीरपणे घ्या. सिग्माची १५०-६०० सुद्धा पुढे सरकते, तेव्हा ६०० म्हणजे बंद नळी असं धरून चालू नका.

टेलिकन्व्हर्टरचा पर्याय मला याच ठिकाणी खटकतो. १.४ पटीचा लावला की ७०-२०० एफ/२.८ ची ९८-२८० एफ/४ होते, दुपटीचा लावला की १४०-४०० एफ/५.६. कागदावर फार छान. पण दुपारी तो काढायचा, म्हणजे वारं सुटल्यावर वाळूत उभं राहून सेन्सर उघडा करायचा. गाडीत किंवा खोलीत जाऊन बदलणार असाल तरच हा मार्ग धरा. शिवाय कॅननच्या आरएफ माउंटची (मिररलेस कॅमेऱ्यांवर बसणारी) पहिली ७०-२०० एफ/२.८ टेलिकन्व्हर्टर घेतच नाही, हे आधीच तपासा.

वेदर सीलिंग (पाणी-धूळ रोखणारी बंदिस्ती) तिन्हींत कमीजास्त असतंच. ते पावसाच्या थेंबांसाठी. लाटेचं पाणी अंगावर आलं तर त्याचा भरवसा धरू नये. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने बाहेरून पुसून घ्या, मग कोरडं कापड.

मग कुणी काय घ्यावं

दिवस अर्धा पक्ष्यांचा आणि अर्धा खेळांचा असेल तर १००-४०० किंवा १००-५००. यात मला फारशी शंका नाही. वजन कमी, आणि जवळचा फोकस हा बोनस: सोनीची १००-४०० एक मीटरच्या आत फोकस करते, २००-६०० ला २.४ मीटर लागतात. बिळाच्या तोंडाशी बसलेला खेकडा फ्रेमभर हवा असेल तर हा फरक मोठा आहे.

पक्षी हेच खरं कारण आणि सर्फर दिसले तर दिसले, असं असेल तर २००-६०० घ्या आणि काइट विसरा. फक्त खेळ, तेही किनाऱ्याजवळ, असतील तर ७०-२०० वर समाधान माना. उरलेल्या पैशात दुसरी जुनी बॉडी आली तर उत्तमच. लेन्स बदलायचाच कंटाळा असेल तर सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ सारखा ब्रिज कॅमेराही (लेन्स कायमची जोडलेला) आहे: २४-६०० मिमीच्या तोडीचा आवाका, वजन ११०० ग्रॅमच्या आत. सेन्सर एक इंची असल्यामुळे पहाटेचे पक्षी त्याला जड जातात, दुपार मात्र झकास होते.

२००-६०० आधीच घरात असेल तर दुसरी लेन्स घेण्याची घाई नको. दुपारी पाण्यापासून शक्य तितकं मागे, एखाद्या उंचवट्यावर जा. उंचीवरून पुढच्या लाटेचा फेस सर्फरच्या आड येत नाही, आणि ऑटोफोकस फेसावर उडी मारतो तेही कमी होतं. फक्त कॅमेऱ्याचं सब्जेक्ट डिटेक्शन (काय ओळखून फोकस करायचा ती सेटिंग) सकाळच्या पक्ष्यांवरून माणसांवर आणायला विसरू नका.