जाळीमागचा मेलेला स्पीकर

बास गिटारसाठी जुना अँप आणि कॅबिनेट (स्पीकरांची पेटी) घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. मला ज्या युक्तीने गंडवलं ती दुकानात उभं राहून नुसत्या कानांनी पकडता येत नाही.

ही गोष्ट पुण्यातली, गणपतीच्या तोंडावरची. त्या दिवसांत ऑर्केस्ट्रावाले, जॅमरूमवाले (बँडना तालमीला खोली देणारे) सगळेच जुनं सामान शोधत फिरतात आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. जुन्या साउंड सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे हेड (म्हणजे नुसता अँप, स्पीकरशिवाय) आणि दोन दहा इंची स्पीकरांचं कॅबिनेट मिळून अठ्ठावीस हजारांत सौदा ठरला. हेडच्या पाठीवर ‘३०० वॉट, ४ ओहम’ आणि कॅबिनेटवर ‘८ ओहम’ लिहिलेलं. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो दुप्पट झाला की वॉट साधारण निम्मे. म्हणजे या जोडीत दीडशेच्या आसपास वॉट मिळणार हे गृहीत धरलं होतं. छोट्या हॉलला तेवढे चालतात.

डेमो त्याने स्वतःच दिला. बास गळ्यात अडकवला आणि वरच्या फ्रेट्सवर, डी आणि जी या बारीक तारांवर, म्हणजे उंच सुरांत, झकास स्लॅप (तारा अंगठ्याने आपटून) वाजवला. आवाज मात्र बेतानेच. सगळ्यात खालचा सूर जाड ई तारेचा, ती उघडी वाजवली की मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा. त्या तारेवर तो गेला तो एखाद-दोनदा, तेही हळू. आणि त्यातली मेख अशी, की मूळ सूर स्पीकरमधून अशक्त आला तरी वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या उंच सुरांवरून) आपला मेंदू तो भरून काढतो. छोट्या दुकानात सगळं भरीवच वाटतं.

मग म्हणाला, “दादा, जाळीवर हात ठेवा. दोन्ही कसे धडधडतायत बघा.” खरंच दोन्ही धडधडत होते. जाळी काढायला सांगितली तर “स्क्रू गंजलेत, तुटतील,” आणि वर “संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय” हे ठरलेलं वाक्य.

जॅमरूममध्ये ड्रमरने किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारली की बास नाहीसाच व्हायचा. आवाज वाढवावा तर ई तार फरफरायची. आधी वाटलं हेड गेलं. दुसऱ्या कॅबिनेटला लावलं तर तेच हेड ठणठणीत.

शेवटी तपकीर गल्लीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे कॅबिनेट नेलं. त्यांनी उघडायच्या आधीच केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावला. ८ ओहमचं कॅबिनेट मीटरवर साडेपाच ते सात ओहम दाखवतं. इथे आकडा अकराच्या वर. काका म्हणाले, “यात एकच जिवंत आहे.” जाळीचे स्क्रू सहज सुटले, गंजाचा पत्ता नाही. आत १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेले, म्हणून बाहेर ८. खालच्याची कॉइल (स्पीकर हलवणारी आतली तारेची गुंडाळी) तुटलेली, आणि त्याच्याकडे जाणारी वायर कापून टोकांना काळी टेप गुंडाळलेली. कॉइल वापरता वापरता जळू शकते, त्यात कुणाचा दोष नाही. पण टेप आपोआप गुंडाळली जात नाही.

मग हाताला दोन्ही धडधडताना का लागले? एकाच बंद पेटीत एक स्पीकर वाजला की आतल्या हवेच्या दाबाने दुसऱ्याचा कोनही (पुढचा शंकूसारखा पडदा) हलतो, वीज नसली तरी. मेलेला माणूस पालखीत बसवून मिरवावा तसा तो स्पीकर माझ्यासमोर मिरवला होता. हिशेबात सांगायचं तर १६ ओहमवर हेड जेमतेम पाऊणशे वॉट देत होतं, आणि दोनऐवजी एकच कोन हवा ढकलत होता. मिळून ६ डेसिबलची तूट. ड्रमसमोर ती जीवघेणी.

व्यापाऱ्याचं उत्तर: “तुम्ही नेल्यावर जळला असेल. जुना माल, जसा आहे तसा.” टेपचा फोटो दाखवल्यावर फोन उचलणंच बंद. त्याने दिली होती ती कच्ची चिठ्ठी, तीवर ना कॅबिनेटचा मॉडेल नंबर, ना जीएसटी क्रमांक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आणि बोलणं ठरल्याचे मेसेज हाच काय तो पुरावा.

तुम्ही जाल तेव्हा दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर खिशात ठेवा. केबल कॅबिनेटला लावून दुसऱ्या टोकाला मोजा. हेडमध्ये खोचलेली असताना नाही. आकडा लेबलपेक्षा थोडा कमी हवा, जास्त असेल तर उठून चालू लागा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्याच टोकाला क्षणभर टेकवा: जाळी काढलेली असेल तर दोन्ही कोन एकाच दिशेने उडायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर दुसरा मेलेला आहे किंवा उलटा जोडलेला. कोन बोटांनी हलकेच दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय. आणि बास स्वतः वाजवा, उघडी ई तार, तालमीत लागेल तेवढ्या आवाजात. जाळी काढायला नकार देणाऱ्याशी भाव करू नका, तो भाव कितीही उतरवेल.

हेड मी ठेवलंय, त्याची काही तक्रार नाही. खालच्या स्पीकरची कॉइल काकांनी नव्याने बसवली. त्या खर्चाची पावती, पक्की, तक्रारीला जोडली आहे.