आंब्याच्या पेटीचे पैसे गेले, आणि नाव तर अगदी बरोबर होतं

हापूसच्या पेट्या ऑनलाइन मागवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा आणि घरच्यांना पण पाठवा. माझे साडेसात हजार गेले ते ओटीपी सांगून किंवा कुठल्या भलत्या लिंकवर क्लिक करून गेले नाहीत, दुकानाचं नाव अक्षर न् अक्षर तपासून मग गेलेत.

झालं असं की रत्नागिरीकडच्या एका काकांकडून आम्ही दरवर्षी पेट्या घेतो, त्यांच्या दुकानाच्या नावात शेवटी ‘ॲग्रो’ आहे (पूर्ण नाव देत नाही, त्यांची बिचाऱ्यांची काही चूक नाही). ते ज्या ॲपवर विकतात तिथे दुकानाचं नाव मराठीत ठेवता येतं आणि ॲपवाले छातीठोक सांगतात की एकच नाव दोघांना मिळत नाही. एप्रिलमध्ये त्या नावाने मेसेज आला, बुकिंग सुरू झालंय, दोन पेट्या घेतल्या तर सूट. लोगो तोच, बागेचे फोटो तेच. तरी मी गेल्या वर्षीचं बिल काढलं आणि नाव शेजारी शेजारी धरून बघितलं, काना मात्रा सगळं सेम. युपीआयवर नाव दुसऱ्याच कुणाचं आलं, पण कोकणातले निम्मे बागायतदार मुलाच्या नाहीतर जावयाच्या खात्यावर पैसे घेतात, त्यात वेगळं काय वाटणार.

पेट्या येईनात म्हणून बिलावरच्या नंबरला फोन केला तर काका म्हणाले, "अहो दादा, तुमची ऑर्डरच नाही माझ्याकडे, आणि यंदा मी अजून कुणालाच मेसेज नाही केलेला."

ॲपच्या सपोर्टला लिहिलं की तुमच्याकडे एकाच नावाची दोन दुकानं आहेत. उत्तर काय, तर ‘आमच्या सिस्टीमप्रमाणे ही दोन नावं वेगळी आहेत.’ डोकंच फिरलं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, बॅकएंडचं काम करतो, म्हणून दोन्ही नावं कॉपी केली आणि त्यांचे युनिकोड नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेला ठरलेला नंबर) काढून बघितले. काकांच्या नावातला ॲ हे एकच अक्षर आहे, नंबर ०९७२. त्या भामट्याने आधी अ (०९०५) घेतला आणि त्यावर चंद्र (०९४५) वेगळा चढवला, अॅ. आता मला सांगा, ॲ आणि अॅ यात तुम्हाला काही फरक दिसतोय का? कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावं.

यावर उपाय म्हणून नॉर्मलायझेशन असतं, म्हणजे एकच गोष्ट दोन-तीन पद्धतीने टाईप होत असेल तर तुलना करायच्या आधी सगळ्यांना एका रूपात आणायचं. आपल्या ऱ चं ते होतं, अख्खा ऱ टाईप करा नाहीतर र खाली नुक्ता द्या, शेवटी एकच धरलं जातं. पण युनिकोडच्या तक्त्यात ॲ म्हणजे अ अधिक चंद्र अशी नोंदच नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशनची एनएफसी पद्धत लावा नाहीतर एनएफकेसी लावा, दोघे वेगळेच राहतात. ॲपवाल्यांनी नियम पाळला असेल हो, पण नियमातच भोक आहे त्याचं काय.

इंटरनेटवर नावं कशी साफ करायची, म्हणजे एका रूपात आणायची, याचा स्ट्रिंगप्रेप नावाचा नियम डिसेंबर २००२ मध्ये आला. तो युनिकोडच्या ३.२ आवृत्तीला बांधलेला होता, आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ ला, म्हणजे त्या नियमाला ते माहीतच नाही. शिवाय तो अक्षरांच्या मध्ये टाकलेलं न दिसणारं जोडचिन्ह सरळ पुसून टाकायचा, मग जुन्या पद्धतीने टाईप केलेल्या डोंगरातल्या ‘दर्‍या’चा समुद्रातला ‘दर्या’ व्हायचा, हसावं का रडावं कळत नाही. २०१५ ला त्याच्या जागी प्रेसिस आलं, ते एका युनिकोड आवृत्तीला बांधलेलं नाही हे चांगलं, पण सारखं दिसणाऱ्या अक्षरांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. २०१७ मध्ये एकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून ॲपल डॉट कॉम सारखंच दिसणारं डोमेन घेऊन दाखवलं होतं, क्रोमला त्यासाठी दुरुस्ती करावी लागली.

आणि उलटंही होतं बरं का, वेगळी नावं एकच धरली जातात. २०१३ ला स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने स्वतःच सांगितलेली भानगड आहे. ‘बिगबर्ड’ हे नाव कुणीतरी इंग्रजीच्या वर चढवलेल्या बारक्या कॅपिटल अक्षरांत घेतलं, सिस्टीमने एकदा साफ केलं तर साधी कॅपिटल झाली, पुन्हा साफ केलं तर स्मॉल, म्हणजे दर वेळी वेगळं उत्तर. मग पासवर्ड बदलायची लिंक मागवली नकली नावाने आणि पासवर्ड बदलला खऱ्या बिगबर्डचा! साफसफाई एकदा करा की दहादा करा, उत्तर तेच यायला हवं, ही साधी गोष्ट तिथे मोडली होती.

माझ्या पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यात सरकलेले. कळल्या कळल्या लगेच १९३० लावा, उशीर झाला की अवघड होतं.

शंका आली तर नाव कॉपी करून नोट्समध्ये टाका, ॲ च्या लगेच मागे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. बहुतेक फोनवर खरा ॲ अख्खा जातो, जोडलेल्याचा फक्त चंद्र जातो आणि अ उरतो. पण दुकानदारानेच जोडून टाईप केलेलं असू शकतं, त्यामुळे एवढ्यावर जाऊ नका, जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करा आणि मगच पैसे पाठवा.

ते खोटं दुकान तक्रारीनंतर बंद झालं, पण गंमत म्हणजे नाव परत मोकळं झालं! काकांना लगेच फोन करून सांगितलं, तुम्हीच घेऊन टाका ते. आता त्यांच्याकडे दोन्ही आहेत. ज्यांच्या दुकानाच्या, क्लासच्या नावात ॲग्रो, ॲकॅडमी, ॲक्वा असं काही आहे त्यांनी आजच दुसऱ्या पद्धतीने टाईप करून बघा, नाव मोकळं दाखवतंय का.