लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरवर बीसीजी घेतलं, त्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकतो. औषधाला ५ पैकी साडेचार, ते घेण्याच्या अनुभवाला अडीच, आणि पेशंटला नीट समजावून सांगण्याला दीड. तो दीड का ते पुढे येईलच, कुठे घेतलं ते नाव टाकत नाही कारण बोलल्यावर कळलं की बहुतेकांची तक्रार तीच आहे.

तर बीसीजी म्हणजे तीच ती टीबीची लस जी लहान बाळांना टोचतात. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, बायोप्सीत आलं की कॅन्सर वरच्या थरात आहे, स्नायूपर्यंत गेलेला नाही पण हाय ग्रेड आहे म्हणजे परत येऊ शकतो, आणि डॉक्टर म्हणाले आता काही आठवड्यांनी जखम भरली की बीसीजी सुरू करू, नळीने पिशवीत जिवंत जंतू सोडायचे. मी दोनदा विचारलं, जिवंत? तर हो, जिवंतच. मेलेल्या जंतूंचं हे काम नाही.

घरी येऊन वाचत बसलो आणि खरं सांगतो, या औषधाची हिस्टरी त्याच्या माहितीपत्रकापेक्षा शंभर पट भारी आहे. कालमेट आणि गेरँ नावाच्या दोघांनी फ्रान्समध्ये लीलच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गुरांच्या टीबीचा जंतू घेतला आणि १९०८ पासून पुढची १३ वर्षं बटाट्याच्या कापांवर पित्त नि ग्लिसरीन घालून तो वाढवला, मग नव्या कापावर घेतला, परत वाढवला, असं २३० वेळा, शेवटी त्याचा जहालपणा गेला पण जीव राहिला. १९२१ मध्ये लस म्हणून पहिल्यांदा दिली. कॅन्सरचं प्रकरण बरंच नंतरचं. कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस नावाच्या युरॉलॉजिस्टने १९७६ मध्ये फक्त ९ पेशंटचा पेपर छापला, त्यावर आजची सगळी ट्रीटमेंट उभी आहे. आणि आठवड्याला एक असे सहा डोस का, तर त्याला मिळणाऱ्या पाकिटात सहा बाटल्या असायच्या! आठवड्याचं अंतर का, तर त्रास आठवड्याच्या आत ओसरायचा. जगभर आजही सुरुवात सहाच डोसांनी होते. मला हे वाचून आधी भीती वाटली मग हसू आलं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. आधी काही तास पाणी चहा कॉफी कमी, नाहीतर दोन तास धरवत नाही. लघवी तपासतात, इन्फेक्शन असेल किंवा रक्त दिसत असेल तर त्या दिवशी देत नाहीत, आणि नळी घालताना रक्त आलं तरी पुढे ढकलतात. चिडू नका, हे बरोबर आहे, कारण जंतू पिशवीत राहायला हवेत, जखमेतून रक्तात गेले तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. पावडर ५० मिली सलाईनमध्ये कालवतात, सिस्टर गाऊन ग्लोव्हज मास्क सगळं घालून येते आणि आपण मात्र पातळ कपड्यात आडवे, हा सीन जरा विनोदीच आहे. नळी घालतात, औषध आत जातं, नळी काढतात, पाच दहा मिनिटांत खेळ खल्लास. नळीचं जेवढं टेन्शन घेतलं होतं तेवढं काही नाही, जेल लावतात. खरी परीक्षा पुढचे दोन तास, लघवी धरून ठेवायची. सुरुवातीच्या डोसांना वाटलं हे तर सोपंय, नंतर नंतर दुसरा तास म्हणजे घड्याळाकडे बघत दात आवळून बसणं.

त्यानंतरची लघवी बसून करायची, पुरुषांनीसुद्धा, शिंतोडे उडू नयेत म्हणून. पहिले सहा तास दर वेळी जेवढी लघवी साधारण तेवढंच ब्लीच कमोडमध्ये ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग फ्लश. हे मला कुणी तोंडाने सांगितलं नाही, कागदावर बारीक अक्षरात होतं. दीड स्टारचं पहिलं कारण हे. घरात लहान मूल किंवा इम्युनिटी कमी असलेलं कुणी असेल तर हे आधी सांगायला नको का?

दुसरं कारण ताप. मला सांगितलं होतं "थोडी जळजळ होईल." जळजळ होते, दर अर्ध्या तासाला पळावं लागतं, अंग मोडून येतं, कणकण वाटते, एक-दोन दिवसांत उतरतं. एका अर्थी हे चांगलंच, कारण जंतू स्वतः कॅन्सर खात नाहीत, ते पिशवीच्या अस्तराला चिकटतात, आत शिरतात, आणि शरीराची संरक्षण फौज तिथे धावून येते नि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. म्हणजे सूज येणं हा औषधाच्या कामाचाच भाग. पण म्हणून सगळाच ताप "येतोच हो" म्हणून घरी काढायचा नाही. १०१ च्या वर चढला आणि उतरेना, किंवा थंडी वाजून कापरं भरलं तर लगेच फोन. जंतू अंगात पसरला तर टीबीचीच औषधं द्यावी लागतात, आणि त्यातलं पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, मूळचाच त्याला दाद देत नाही. तुमच्या जवळच्या डॉक्टरला बीसीजी घेतल्याचं माहीत नसेल तर तो साधं इन्फेक्शन समजून औषध देत बसेल. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनवरची काही अँटिबायोटिक्स या जंतूलाही मारतात, तेव्हा मधल्या काळात मनाने गोळी घेऊ नका.

रिझल्टचं म्हणाल तर माझी पुढची सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून पिशवीची तपासणी, क्लिअर आली. पण एका माणसाच्या क्लिअर रिपोर्टला रिव्ह्यूत किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. वरच्या थरात सपाट पसरणारा जो प्रकार असतो त्यात दहापैकी साधारण सात जणांत तो पूर्ण दिसेनासा होतो असं आकडे सांगतात, त्यातल्या काहींना परत येतोही. अर्धा स्टार त्यासाठी कापला. आणि सहा डोसांवर सुटका नाही, मेंटेनन्स असतो, मधूनमधून तीन-तीन डोस, तीन वर्षांपर्यंत. ज्या मोठ्या अमेरिकन ट्रायलवरून हे वेळापत्रक आलं तिच्यात सगळे डोस पुरे करणारे फक्त १६ टक्के होते. माझंही चालू आहे, बघू. त्यात हा जंतू वाढतो अगदी सावकाश, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, एका कंपनीने बनवणं बंद केल्यावर बऱ्याच देशांत तुटवडा झाला होता, तेव्हा पुढच्या डोसाची बाटली आहे ना हे आधी विचारून ठेवा.

हा रिव्ह्यू वाचून कुणीतरी विचारणारच की मग बाकीच्या कॅन्सरना जंतू का नाही देत. प्रयत्न जुने आहेत. न्यूयॉर्कच्या विल्यम कोलीने १८९१ मध्ये गाठीत जंतू टोचले होते, नंतर मारलेल्या जंतूंचं मिश्रण वापरलं, काहींच्या गाठी विरल्या पण कुणाच्या विरतील ते सांगता येईना आणि रेडिएशन आल्यावर ते मागे पडलं. अलीकडे कमजोर केलेला साल्मोनेला नावाचा जंतू उंदरांत भारी चालला, माणसांत मात्र २००२ च्या पहिल्या ट्रायलमध्ये गाठी काही लहान झाल्या नाहीत. क्लॉस्ट्रिडियम नोव्ही नावाचा एक जंतू आहे, त्याला ऑक्सिजन चालत नाही म्हणून तो गाठीच्या आतल्या गुदमरलेल्या भागातच वाढतो, २०१४ मध्ये त्याचे बीजाणू टोचलेल्या १६ कुत्र्यांपैकी ६ जणांच्या गाठी घटल्या किंवा गेल्या. आयडिया मला फार आवडली पण दुकानात मिळणारी वस्तू नाही ही. आणि "चांगल्या बॅक्टेरियाने कॅन्सर बरा" म्हणून प्रोबायोटिकच्या पुड्या विकणाऱ्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही, त्यांना शून्य स्टार.

कुणी घेऊ नये: स्नायूत शिरलेला कॅन्सर असेल तर हे पुरत नाही, टीबी चालू असेल किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर स्वतःच नाही म्हणतील. आणि हो, बीसीजीनंतर टीबीची कातडीवरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, पुढे कुठे ती करायला सांगितली तर आधी हे सांगा.