इम्युनिटीच्या थेंबांचा धंदा

'ताई, आधी ते सलाईन बंद करा. त्यानं इम्युनिटी दबते.' 'इम्युनिटी वाढवणारे' थेंब विकणाऱ्या बाईंनी पहिल्याच फोनवर हे सांगितलं आणि सात दिवसांच्या कोर्सचे पैसे आगाऊ घेतले. लसीचा डोस व्हायच्या आधीच आमच्या मांजरीच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला होता. ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण जीभ लावायचं नाही. अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

बाटली आली. लॉट नंबर नाही, घटक नाहीत, वर लसणाचा उग्र वास. लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. स्टिकरचा कोपरा सुटला होता, तो ओढला तर खाली कोंबड्यांच्या टॉनिकचं लेबल! बाटली तशीच डॉक्टरांसमोर ठेवली. सलाईन अर्थातच चालू राहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. हा विषाणू हाडांच्या मगजावरच घाला घालतो, म्हणून पांढऱ्या पेशी कोसळतात. जिथे पेशी तयार होतात तो कारखानाच बंद पडलेला, तिथे थेंब काय 'बूस्ट' करणार? सलाईन, उलटी थांबवायचं औषध आणि आतड्यातले जंतू रक्तात पसरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, एवढ्यावर पिल्लाला तगवायचं. पहिले पाचेक दिवस निघाले तर बहुतेकदा शरीर स्वतःच पेशी पुन्हा वाढवतं. सात दिवसांच्या कोर्सची मेख इथेच आहे. जगलं तर थेंबांमुळे, गेलं तर 'तुम्ही उशीर केलात'.

त्याच बाई तीच बाटली एफआयपी या मांजरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारालाही देतात. तिथे तर शरीराची प्रतिकारशक्ती भलत्याच दिशेनं पेटल्यामुळेच आजार बळावतो. त्यावर चालतं ते विषाणूविरोधी औषध, जीएस-४४१५२४. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि पॅनल्यूकोपेनियापुरती खरी इम्युनिटी हवी असेल तर ती लसीत आहे: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी.

पिल्लू वाचलं. पैसे मागितले तर बाईंनी नंबर ब्लॉक केला. सुरुवातीला 'प्रगती बघायला' म्हणून त्यांनी आमच्याकडून व्हिडिओ मागवले होते. त्यातलाच एक आता 'आमच्या थेंबांनी बरं झालेलं पिल्लू' म्हणून नव्या गिऱ्हाइकांना जातोय, आणि पायावरची सलाईनची पट्टी दिसू नये म्हणून खालचा भाग कापलाय.