ओईआयएस : मालिका ओळखण्यात पटाईत, बेरजेला मात्र डोकं आपलंच

ओईआयएस म्हणजे ‘ऑन-लाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’. पूर्णांकांच्या मालिकांचा हा कोश गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ साली सुरू केला. १९९६ पासून तो इंटरनेटवर आहे. फुकट आहे, शोधायला नोंदणी लागत नाही. शोधचौकटीत पदं स्वल्पविराम देऊन टाकायची. मालिका सापडली की तिचा ए-क्रमांक (कोशातल्या नोंदीचा, ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक), सूत्रं, संदर्भ आणि पुढची पदं समोर येतात. नोंदी इंग्रजीत आहेत, पण आकडे वाचता आले तरी निम्मं काम होतं.

खरी मेख किती पदं देता यात आहे. १, २, ४, ८, १६ टाका. दुपटीची मालिका येईलच, पण ए०००१२७ ही सुद्धा याच पाच पदांत बसते आणि तिचं पुढचं पद ३२ नसून ३१ आहे! वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडले की आत जास्तीत जास्त किती तुकडे पडतात, त्यांची ती मालिका. म्हणून किमान सहा-आठ पदं द्यावीत. सुरुवातीचं एखाद-दुसरं पद गाळलेलं बरं, कारण मोजणी ० पासून की १ पासून, हे मालिकेगणिक बदलतं. स्वल्पविरामाऐवजी नुसती जागा सोडली तर क्रम धरला जात नाही आणि भलत्याच मालिकांचा ढीग पडतो.

बेरजेसाठी वेगळं बटण नाही. समजा २, ६, १२, २०, ३०, ४२ यांची बेरीज हवी आहे. चढत्या बेरजा हातानेच करा : २, ८, २०, ४०, ७०, ११२. आता या शोधा. ए००७२९० मिळते, सूत्र न(न−१)(न−२)/३ (न म्हणजे पदाचा क्रमांक). इथेच बहुतेकांची गाडी घसरते. पाच पदांची बेरीज म्हणून न = ५ घातलं की २० येतात, खरी बेरीज ७० आहे. कोशातली ही मालिका ०, ०, ०, २ अशी सुरू होते आणि पहिलं ० हे शून्याव्या जागेवर आहे. म्हणजे आपलं पहिलं पद त्यांच्या तिसऱ्या जागेवर. न च्या जागी न+२ घातलं की सूत्र न(न+१)(न+२)/३ होतं आणि ५×६×७/३ = ७० जुळतं. नोंदीत ‘ऑफसेट’ (पहिल्या पदाची जागा कितव्या आकड्यापासून मोजली आहे ते) असा रकाना असतो; सूत्र उतरवून घेण्याआधी तो बघायचाच, आणि न = १, २ घालून ताळा करायचा.

अपूर्णांकांच्या मालिका सरळ टाकता येत नाहीत. अंश आणि छेद वेगवेगळे शोधावे लागतात.

जाता जाता १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ टाकून बघा. ए००३०५२ ही देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या स्वयंभू संख्यांची नोंद : कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या तयार होत नाहीत, त्या.

बँक किंवा एमपीएससीच्या तयारीसाठी मात्र हा कोश फारसा कामाचा नाही. ७, ८, १८, ५७, २३२ अशी मालिका पेपर काढणाऱ्याने त्या दिवसापुरती रचलेली असते. इथे ती सापडेलच याचा भरवसा नाही. तिथे आधी फरक काढा : १, १०, ३९, १७५. फरकांत काहीच दिसत नाही आणि पदं झपाट्याने वाढताहेत, म्हणजे गुणाकार आहे. ×१+१, ×२+२, ×३+३, ×४+४; पुढचं पद २३२×५+५ = ११६५. हे कागदावर अर्ध्या मिनिटात होतं.