सबस्टॅक की घोस्ट, वर्गणी भरताना काय बघायचं?

टेक कंपन्यांना खडे प्रश्न विचारणारी न्यूजलेटरं मी पैसे भरून वाचतो आणि हल्ली ती कशावर चालतात ते आधी बघतोच. सबस्टॅक, म्हणजे न्यूजलेटर पाठवायचा आणि वर्गणी घ्यायचा प्लॅटफॉर्म, २०१७ चं, सुरू करायला लिहिणाऱ्याला खर्च नाही, पण आपण १० डॉलर दिले की १ डॉलर त्यांचा, कार्डाची फी वेगळी. नवीन माणसाला वाचक मात्र तिथे पटकन मिळतात, हे मान्यच करायला हवं.

घोस्ट त्याच कामाचं, २०१३ पासूनचं, ना-नफा संस्था चालवते, ओपन सोर्स आहे (कोड सगळ्यांना खुला), वर्गणीत वाटा शून्य. होस्टिंगचं, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर न्यूजलेटर ठेवायचं, भाडं भरायचं (वाचक वाढले की तेही वाढतं) किंवा जमत असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं. टेक पत्रकार केसी न्यूटनचं प्लॅटफॉर्मर हे न्यूजलेटर जानेवारी २०२४ मध्ये सबस्टॅक सोडून इकडेच आलं, कारण नाझी मजकुराबद्दल सबस्टॅकची भूमिका त्यांना पटली नाही. चार पत्रकारांनी २०२३ मध्ये काढलेलं ४०४ मीडिया हे टेक बातम्यांचं संकेतस्थळही घोस्टवरच आहे.

माझं मत घोस्टलाच, कारण प्लॅटफॉर्मच्या ताकदीबद्दल लिहिणाऱ्याने स्वतः कुणा प्लॅटफॉर्मवर अवलंबून राहू नये असं मला मनापासून वाटतं. पण आवडता लेखक सबस्टॅकवर असेल तर वर्गणी थांबवू नका, ईमेलची यादी त्याला उद्या तिथूनही नेता येते.